ऊर्ध्वपातित पाणी विष नव्हे

संपादक महाशयांस,


ऊर्ध्वपातित पाणी हाडांतील चुना ओढून घेते, हे आपल्या गतांकातील पत्रलेखकाचे विधान कळकळीचे असले तरी सयुक्तिक नाही. कारण असे पाणी पोटात जाताच लाळ व जठररस यांतील क्षारांत मिसळून जाते, आणि आपणां कोकणवासीयांना कॅल्शियम मिळते ते मुख्यतः नाचणी, दूध व सुकी मासळी यांतून. पाण्यातील कॅल्शियमची भारतीय मानकातील स्वीकार्य मर्यादाच मुळी लिटरमागे 75 मिलिग्रॅम आहे. शंभर ग्रॅम नाचणीत त्याच्या चौपटीहून अधिक असते. क्षारविरहित पाणी वर्षानुवर्षे पिण्याविषयी जागतिक आरोग्य संघटनेच्या 2005 सालच्या ग्रंथात दिलेला इशारा मात्र, विशेषतः निकस आहार असणाऱ्यांच्या बाबतीत, मला शिरोधार्य वाटतो.

खरा धोका निराळाच आहे. महामार्गावरील गॅरेजांत मिळणारे बॅटरीचे पाणी ऊर्ध्वपातित म्हणून विकले जात असले, तरी ते पिण्यासाठी बनविलेले नसते, आणि त्याचे डबेही खाद्यपदार्थांच्या योग्यतेचे असतीलच असे नाही. पावसाळ्यात काळ नदीचे पाणी गढूळ झाले म्हणून माणगावकरांनी हे बॅटरीचे पाणी मुलांना पाजू नये; नळाचे पाणी गाळून, खळखळून उकळून द्यावे, अशी माझी विनंती आहे.

आपला नम्र,
एक वाचक, माणगाव (जि. रायगड)