बेस कमी वाटतोय? नवीन इअरफोन घ्यायच्या आधी या तीन गोष्टी तपासा



"भाऊ, जास्त बेसवाला दाखवा." जालन्यात मोबाइल अॅक्सेसरीजच्या काउंटरवर हे वाक्य रोज ऐकू येतं. रोलिंग मिलमधला पोरगा असो की कॉलेजचा, हातात पैसे आले की हजाराचा इअरफोन सोडून अडीच-तीन हजारांचा घ्यायचा विचार सुरू होतो. माझं मत स्पष्ट आहे. दहा मिनिटं तपासल्याशिवाय अपग्रेड करू नका. आणि तुम्ही स्वतः दुकानदार असाल, तर तपासून दिल्याशिवाय महागडा विकू नका.

कारण साधं आहे. कानात बसणाऱ्या इअरफोनमध्ये रबर आणि कान यांच्यात फट राहिली की सगळ्यात आधी बेस गळतो. आवाज पातळ, पत्र्यासारखा लागतो. टाकी गळत असेल तर मोठी मोटर बसवून काय उपयोग?

१. फिटिंग : ओळखीचं गाणं लावा आणि दोन्ही बड बोटाने हलकेच आत दाबा. बेस एकदम वाढला? मग इअरफोन चांगला आहे, रबराचा साइज चुकलाय. बॉक्समध्ये लहान-मोठे जास्तीचे रबर येतात, ते बऱ्याच जणांनी काढूनही पाहिलेले नसतात. डाव्या-उजव्या कानाला वेगळा साइज लागू शकतो. सिलिकॉन बसतच नसेल तर फोमचे रबर वापरून बघा. जाळीवर मळ असेल तर कोरड्या मऊ ब्रशने काढा.

२. इक्वलायझर : फोनच्या साउंड सेटिंगमध्ये बेसची पट्टी थोडीच वर करा. एकदम टोकाला नेली तर आवाज फाटतो. त्यापेक्षा बाकीच्या पट्ट्या किंचित खाली आणा.

३. जागा : जालना-संभाजीनगर एसटीत इंजिनची घरघर बेसवरच बसते. घरी शांत खोलीत तोच इअरफोन ऐका. तिथे बेस छान वाटला तर दोष इअरफोनचा नाही. अशा वेळी व्हॉल्यूम वाढवत जाणं मात्र महागात पडतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने 80 डेसिबल आवाज आठवड्याला 40 तास चालतो, 90 डेसिबल फक्त 4 तास. पैसे परत मिळवता येतील, कान नाही.

मग अपग्रेड कधी करायचं? तुमचा इअरफोन बिनरबराचा असेल, तर तो कान बंदच करत नाही, तिथे बदलणं योग्य. मध्यम आवाजातही बेस फाटत असेल, तरीही बदला. रोजचा प्रवास असेल तर नॉइज कॅन्सलेशनवाला बघा, कारण ती सोय इंजिनसारखी जाड घरघरच जास्त कापते.

घेताना बॉक्सवरच्या 10 मिमी, 13 मिमी ड्रायव्हरच्या आकड्याला भुलू नका. एकटा आकडा बेस ठरवत नाही. ढोल-ताशाचं रेकॉर्डिंग लावा. ढोल घुमला आणि ताशाची काडीही स्वच्छ ऐकू आली, तर माल चांगला. ढोलाने ताशा गिळला, तर तो नुसता गोंगाट.

आता दुकानदार मित्रांसाठी. शंभर-दीडशेचे रबर विकले तर आजचा गल्ला कमी भरेल, मान्य. पण अडीच हजारांचा इअरफोन त्याच चुकीच्या फिटिंगने घरी गेला, तर गिऱ्हाईक दोन दिवसांत तक्रार घेऊन येईल, किंवा येणारच नाही. ज्याचे पैसे तुम्ही वाचवले, तो मात्र पुढचा चार्जर, कव्हर, ग्लास तुमच्याकडूनच घेईल आणि मित्रालाही घेऊन येईल. छोट्या गावात जाहिरात यालाच म्हणतात.

म्हणून काउंटरवर रबरांची एक डबी आजच ठेवा. भेटूया पुढच्या व्हिडिओत!