आराखडा आपला, रूपांतर परक्याचे

मद्रासच्या आय.आय.टी.ने सिद्ध केलेल्या ‘शक्ती’ प्रक्रियकाच्या चिप्स २०१८ साली दोन ठिकाणी घडल्या : अमेरिकेत इंटेलच्या २२ नॅनोमीटर तंत्राने आणि मोहालीच्या सरकारी प्रयोगशाळेत १८० नॅनोमीटर तंत्राने. तर्करचना एकाच वंशाची, कारखाने मात्र सर्वस्वी भिन्न. अशा रचनेतील असंख्य तर्कद्वारे हाताने कोण बदलणार? ते काम सॉफ्टवेअर करते. आराखडा वाचून ते त्या त्या कारखान्याच्या संग्रहातील द्वारे निवडते आणि प्रत्येक मार्गावरील विलंब नव्याने मोजते. शब्दास शब्द ठेवून भाषांतर साधत नाही, हे शाळकरी मुलासही ठाऊक असते. येथे तर अर्थ अचूक उतरूनही वेळेचे गणित चुकले, तर चिप बाद!

हे सॉफ्टवेअर मुख्यतः अमेरिकी कंपन्यांच्या हाती आहे. मे २०२५ मध्ये अमेरिकेने चीनला ते देण्यावर निर्बंध घातले, जुलैत उठविले. उद्या तीच पाळी आपल्यावर येणार नाही, असे मानणे भाबडेपणाचे होईल. आपले सरकार महाविद्यालयांना ही परकी साधने पुरविते, हे स्तुत्यच. परंतु ‘योसिस’, ‘ओपनरोड’ ही मुक्त साधनेही उपलब्ध आहेत. २०२१ साली सेमीकंडक्टर उद्योगासाठी ७६,००० कोटी रुपयांची योजना मंजूर करणाऱ्या दिल्लीने त्यांच्या विकासासाठी विद्यापीठांना स्वतंत्र व भरघोस अनुदान द्यावे, अशी आमची मागणी आहे.