चक्क्यातले मॅकरोनी सॅलड

मुले पास्ता सॅलड मागतात, ते घरी जमेल काय, असे दिंडोशीतल्या भगिनी आम्हाला विचारतात. जमेल, आणि हॉटेलातल्या दोन बशांच्या पैशात घरातली पाच माणसे खातील.

मागणीमागचे कारण मात्र आई-बापांनी समजून घ्यावे. शाळेत पोराने सुकट-भाकरीचा डबा उघडला की शेजारची मुले नाक धरून सरकतात. मग पोर घरी येऊन ‘उद्यापासून पास्ताच दे’ म्हणते. पास्ता जरूर द्यावा, पण सुकट लपवायला नव्हे. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ (२०१५) या पुस्तकात मराठवाड्यातील महार-मांगांचे खाणे नीट लिहून ठेवले आहे. ते मुलांना वाचून दाखवावे. शिवाय पास्ता तरी कसला? ड्युरम गव्हाच्या रव्याचा. त्याच प्रकारच्या गव्हाला आपल्याकडे बन्सी म्हणतात आणि त्याच्या शेवया आपल्या आज्यांनी खाटेवर वाळवल्या.

आता कृती. अर्धा किलो दही पातळ फडक्यात तीन तास टांगावे. निथळलेले पाणी टाकू नये, कणीक मळायला घ्यावे. पाव किलो मॅकरोनी अडीच लिटर उकळत्या पाण्यात चमचाभर मीठ घालून शिजवावी. दाताखाली किंचित लागली पाहिजे. लगदा झाला की सॅलड बिघडलेच. चाळणीत ओतून गार पाणी घालावे. हे पाणी पुन्हा उकळले जाणार नाही, म्हणून पिण्याचेच हवे. चक्क्यात एका लिंबाचा रस, चमचाभर मोहरीची पूड, मिरपूड, चिमूटभर साखर, मीठ आणि दोन चमचे तेल घालून घोटावे. मोहरी घोटताना झणका नाकात गेला पाहिजे. काकडी चोचवून, मीठ लावून घट्ट पिळावी, नाहीतर सगळे पाणचट होते. गाजर, सिमला मिरची, कांदा बारीक चिरून घालावा. चिरण्याचे काम घरातील पुरुषांनी करावे; त्याला डिग्री लागत नाही.

बाजारचे मेयोनीज काहींना सोपे वाटते. हातगाडीवरचे कच्च्या अंड्याचे असेल तर आम्ही नको म्हणू. तेलंगणने २०२४ साली आणि तामिळनाडूने २०२५ साली त्यावर एक वर्षाची बंदी घातली होती, ती विषबाधेच्या भीतीनेच.

दह्याचेही तेच भय, म्हणून बुद्धपौर्णिमेला विहारात हा पदार्थ न्यायचा असेल तर विचाराने न्यावा. वैशाखात पारा बत्तीस अंशांवर गेला की असे अन्न तासाभराच्या वर बाहेर राहू नये, आणि आपली भाषणे कधी तासात संपतात? मॅकरोनी, भाज्या आणि चक्का वेगवेगळ्या डब्यांत फ्रीजमध्ये गार करावे. चक्क्याचा डबा बर्फाच्या टोपात ठेवून न्यावा आणि वंदना, भाषणे आटोपल्यावर, पंगत बसतानाच सगळे कालवावे. उरलेच तर घरी नेऊ नये.