कॉपीबहाद्दर जंतू

ताप आला की होस्टेलमध्ये डॉक्टरांची कमी नसते. “अबे, माझ्याजवळ सेफिक्झीम उरली आहे, दोन गोळ्या घे, सकाळी टनाटन होशीन!” कुणी टोकलंच तर उत्तर ठरलेलं: गोळी माझी, पोट माझं, तुले काय करा लागते? मला वाटतं, घोळ या उत्तरातच आहे.

कारण जंतू आपली विद्या स्वतःपुरती ठेवत नाहीत. औषधाला दाद न देण्याचा जीन ते शेजारच्या, अगदी परजातीच्या जंतूलाही देतात. प्लाझमिड नावाचं डीएनएचं छोटं कडं असतं, त्याची एक प्रत काढायची आणि पलीकडे सरकवायची, बस्स!

हे कळतं कसं? सबमिशनच्या वेळी सर ओळखतात तसंच! दोघांचं अक्षर वेगळं, बाकी जर्नल वेगळं, पण एका प्रॅक्टिकलमध्ये तेच शब्द, तीच चूक. म्हणजे कॉपी! शास्त्रज्ञही दोन जंतूंचे जीनोम शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून पाहतात. 2008 मध्ये, भारतात उपचार घेऊन स्वीडनला परतलेल्या एका रुग्णात क्लेबसिएला आणि ई. कोलाय हे दोन जंतू सापडले. दोघं कोट्यवधी वर्षांपूर्वी वेगळे झालेले, रोजच्या कामाच्या जीन्समध्येही फरक. तरी दोघांकडे एनडीएम-1 हा 813 अक्षरांचा जीन होता, तोही प्लाझमिडवर. हा जीन कार्बापेनेम ही राखीव औषधंसुद्धा निकामी करतो.

त्याच्या नावात ‘न्यू दिल्ली’ आहे म्हणून 2010 मध्ये आपल्याकडे बराच गदारोळ झाला. पण त्याच वर्षी मुंबईच्या हिंदुजा हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी छापलं होतं, की 2009 च्या ऑगस्ट ते नोव्हेंबरमध्ये मिळालेल्या, कार्बापेनेमला न जुमानणाऱ्या 24 जंतूंपैकी 22 मध्ये हा जीन आहे. मग नावावरून भांडून काय मिळालं? अशा जीनला भातकुलीला यायला वेगळं तिकीट लागत नाही. कुणाच्या तरी पोटात बसून तो एसटीनं येतो.

मित्रांनो, 1 मार्च 2014 पासून सेफिक्झीमसारखी औषधं शेड्यूल एच-1 मध्ये आहेत. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत, मेडिकलवाल्याला नोंदही ठेवावी लागते. पण रूम नंबर बारामधून चौदामध्ये जाणाऱ्या गोळीची नोंद कोण ठेवणार? व्हायरल तापावर तिचा काडीचा उपयोग नाही. ती पोटातले साधे जंतू मारते आणि चिवट जंतूंना मोकळं रान देते. तेच पुढे मेसमध्ये, बाथरूममध्ये, घरच्या आजीपर्यंत पोचतात.

तेव्हा जर्नल खुशाल वाटून घ्या (सर, माफ करा!), गोळ्या मात्र वाटू नका.