कार्डाची किंमत आणि खरेदीचा हिशेब

घरातील मुलगा संगणकावरील खेळांसाठी नवे ग्राफिक्स कार्ड मागतो, तेव्हा वडील प्रथम किंमत विचारतात. व्यापाऱ्याच्या घरात हे स्वाभाविकच. परंतु कार्डाची किंमत म्हणजे त्या खरेदीचा पूर्ण हिशेब नव्हे.

मध्यम किमतीच्या दोन कार्डांचे उदाहरण घ्यावे. २०२१ मध्ये आलेले १२ जीबी मेमरीचे आरटीएक्स ३०६० हे १७० वॅटपर्यंत वीज घेते. २०२३ मधील आरटीएक्स ४०६० ला ११५ वॅट पुरतात व त्याचा वेगही अधिक. मात्र त्याची मेमरी ८ जीबीच असल्याने काही नव्या खेळांत चित्रांची स्पष्टता कमी ठेवावी लागते. शिवाय जुना प्रोसेसर मंद असेल, तर वेगवान कार्डही त्याची वाट पाहत बसते. सेकंदाला ६० चित्रे दाखवणाऱ्या मॉनिटरवर १२० चित्रे दिसत नाहीत. जुना वीजपुरवठा अपुरा ठरला, तर तोही बदलावा लागतो. म्हणून आधी घरचा संगणक तपासावा, मग बाजारात जावे.

बिल दुकानाच्या नावे करून जीएसटीची वजावट घेण्याचा मोह अनेकांना होतो. वैयक्तिक वापराच्या वस्तूवर अशी वजावट कायद्याने मिळत नाही. रक्कम लहान असते. परंतु काउंटरपाशी उभा असलेला मुलगा कार्डाबरोबर वडिलांचा व्यवहारही घरी घेऊन जातो.