गॉगल : ऐट की गरज?

आपल्याकडे गॉगल लावलेला पुरुष दिसला, की 'काय हिरो!' ही थट्टा ठरलेलीच. मग पुरुषमंडळी एकतर गॉगल टाळतात, नाहीतर रुबाबापोटी फुटपाथवरचा काळाकुट्ट गॉगल उचलतात. दोन्ही चूकच.

काच जितकी काळी तितके संरक्षण अधिक, हा निव्वळ गैरसमज आहे. अंधारात डोळ्याची बाहुली मोठी होते. काळ्या काचेआडही तेच घडते. काच अतिनील किरण अडवणारी नसेल, तर ते अधिकच आत शिरू शकतात. वर्षानुवर्षे असे ऊन सोसले, की मोतीबिंदूचा धोका वाढतो.

तेव्हा आरशात पाहण्याआधी 'यूव्ही ४००' ही खूण पाहावी. म्हणजे ४०० नॅनोमीटरपर्यंतचे किरण अडतात. चिठ्ठीवर भरवसा नसेल, तर यंत्र असलेल्या चष्म्याच्या दुकानात काच तपासून घ्यावी. डोळे बाजूनेही झाकले जातील अशी रुंद फ्रेम निवडावी. दुचाकीस्वारांना करडी काच बरी, सिग्नलचे रंग बदलत नाहीत. रात्री मात्र गॉगल खिशात!

दिवसभर उन्हात राबणारा शेतकरी, एसटीचा चालक, चौकातला पोलीस यांना तर त्याची खरी गरज. उन्हात छत्री उघडली तर कुणी हसत नाही. मग गॉगललाच का हसावे?