गुरुजींचे दप्तर कोण हलके करणार?

जामसांवलीला पिंपळाखाली पहुडलेल्या मारुतिरायापुढे हात जोडताना दरवेळी एक विचार मनात येतो. मुळी ओळखू येईना म्हणून त्याने अख्खा द्रोणागिरी उचलून आणला; पण तो एकदाच! आमच्या सौंसर-पांढुर्ण्याच्या गुरुजींना मात्र दर महिन्याला डोंगर आणावा लागतो, आणि मुळी कोणती हवी हे मागणाऱ्यालाच ठाऊक नसते.

१९९३ साली यशपाल समितीने मुलांच्या शिक्षणाच्या ओझ्यावर अहवाल दिला. परिसंवाद झडले. गुरुजींच्या दप्तराचे वजन मात्र कोणी केले नाही. समग्र आयडी, आधारची जुळणी, यू-डायस, शिष्यवृत्तीचे अर्ज, माध्यान्ह भोजनाचा हिशेब! कामे खोटी नाहीत. पण ती शिक्षकाचीच का?

कायदा काय म्हणतो? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम २७ सांगते की, दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकाला अशैक्षणिक कामाला जुंपू नये. त्याआधीच, ६ डिसेंबर २००७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निवडणुकीचे कामही एरवी सुट्टीच्या आणि अध्यापन नसलेल्या दिवशीच द्यावे, असे बजावले होते. २०२० च्या शैक्षणिक धोरणानेही तेच म्हटले. तीनदा सांगून झाले! पण अपवादाचा उंट तंबूत शिरला आणि वर्ग बाहेर पडला. ४ नोव्हेंबर २०२५ पासून मध्यप्रदेशात मतदारयाद्यांचे विशेष सखोल पुनरीक्षण सुरू झाले, तेव्हा घरोघर फिरणाऱ्यांत कितीतरी शिक्षकच होते. दिवस कापूसवेचणीचे, माणसे घरी सापडायची ती दिवेलागणीला. मग गुरुजींनी स्वतःच्या घरी जायचे कधी?

कोणी म्हणेल, पगार घेतात, सुट्ट्या भोगतात, काही तर शिकवतही नाहीत! मान्य; कामचुकार आहेत. पण कागदाच्या राज्यात कामचुकारच सुखी असतो. त्याचे रकाने भरलेले, वर्ग रिकामा. जो फळ्यापाशी रमला आणि रकाना विसरला, नोटीस त्याला! अशाने चांगला माणूस आतून खचतो, आणि खचलेल्या माणसाच्या आवाजात कविता शिकवता येत नाही.

आम्हा सीमेवरच्यांना हे दुप्पट बोचते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत आम्ही मध्यप्रदेशात राहिलो. घरात मराठी, पुस्तकात हिंदी. आमच्या पोराला 'शिक्षा' म्हणजे छडी. पुस्तकात 'शिक्षा' म्हणजे विद्या. हे अंतर पोराला जवळ घेऊन, हसत-खेळत, रोज थोडेथोडे ओलांडावे लागते. त्याला लागतो वेळ, आणि नेमका तोच हिरावला जातो.

मागणी मोठी नाही. प्रत्येक संकुलाला माहिती भरणारा कारकून द्या. एकदा दिलेली माहिती पुन्हा मागू नका. वर्गाबाहेर न्यायचे तर लेखी आदेश द्या, त्यात कलम आणि दिवस लिहा. शाळा सुटल्यावर फोनवरचे फर्मान बंद करा. आणि पालकहो, गुरुजी वर्गात का नाहीत, हे त्यांना विचारण्याआधी त्यांना बाहेर पाठवणाऱ्याला विचारा.

५ सप्टेंबरची शाल आणि श्रीफळ राहू द्या. गुरुजींना त्यांचा वर्ग परत द्या. नाहीतर आमच्या पोरांच्या वाट्याला हिंदीतली शिक्षा येणारच नाही; मराठीतली तेवढी उरेल.